दाब रेणू तोडतो की जोडतो? बेंझिन, धक्का-तरंग आणि तासाला दिलेलं एक चुकीचं उत्तर

रावपुरेकर

मंडळी, मी इथे बडोद्यात रसायनशास्त्र शिकवतो. मागच्या मंगळवारी तासाला एका मुलीने विचारलं, "सर, बेंझिनवर प्रचंड दाब टाकला तर त्याचं कडं फुटेल ना?" घंटा व्हायला आली होती. "हो, पुरेसा दाब असेल तर फुटेल," म्हणून मी फळा पुसायला घेतला. संध्याकाळी न्यायमंदिरापाशी सिग्नलला थांबलो होतो तेव्हा लक्षात आलं की पोरीला चुकीचं सांगितलं. कडं मोडतं हे खरं, पण ते दाबाने फुटत नाही. शुक्रवारी वर्गात दुरुस्ती केली. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण या गावात रसायनांवर पोट असलेली माणसं भरपूर आहेत आणि त्यातली बरीच या कट्ट्यावर येतात.

द्रव बेंझिन डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक रेणू म्हणजे सहा कार्बनचं एक कडं. एका रेणूतले शेजारशेजारचे कार्बन १.४ अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) असतात. पण दोन वेगळ्या रेणूंमधले कार्बन एकमेकांपासून साडेतीन अँगस्ट्रॉमच्या आसपास अंतर राखून असतात. म्हणजे जी काही मोकळी जागा आहे ती रेणूंच्या मध्ये आहे, रेणूंच्या आत नाही. दाब आला की आधी ही जागा जाते. ती संपली आणि दाब वाढतच राहिला की रेणूला जागा वाचवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे शेजाऱ्याशी बंध जोडणं. साडेतीनचं अंतर एकदम दीडवर येतं. उलट बंध तुटून दोन तुकडे झाले तर दोघांनाही आपापली वेगळी जागा लागते, आणि दाबाखाली जागाच तर नसते. अकरावीत शिकलेलं ल शातेलिएचं तत्त्वच हे (दाब वाढवला की अभिक्रिया कमी जागा लागणाऱ्या बाजूला झुकते), फक्त फार टोकाला नेलेलं.

माझं म्हणणं एका ओळीत: दाब जोडतो, उष्णता तोडते. संथपणे दाब दिला तर पहिलीच गोष्ट बघायला मिळते. पर्सी ब्रिजमन यांनी १९१४ साली अंड्याचा पांढरा बलक न तापवता नुसत्या दाबाने गोठवून दाखवला होता. पण धक्का-तरंगात (शॉक वेव्ह, म्हणजे स्फोटाने किंवा वेगवान गोळीच्या माराने पदार्थात उठणारा दाबाचा तरंग) दाब आणि उष्णता एकाच क्षणी येऊन आदळतात. कोण कधी जिंकतं हे बघण्यासारखं आहे.

मांडवी_ते_न्यायमंदिर

सर, मी कॉमर्सवाला, पण वाचतोय. एक सांगा, दाब तो दाब. हळू दिला काय आणि धाडकन दिला काय, शेवटी आकडा तोच असेल तर फरक का पडावा?

रावपुरेकर

प्रश्न एकदम मुळावरचा आहे. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा अगदी सावकाश खाली न्या. पंप कोमट होतो न होतो. तोच दांडा जोरात हाणा, बोटाला चटका बसतो. हळू दाबताना उष्णतेला बाहेर निघून जायला वेळ मिळतो, जोरात दाबताना मिळत नाही. हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये नमुना धरून पिळतात ती पद्धत म्हणजे सावकाश दांडा. धक्का-तरंगात सगळा खेळ सेकंदाच्या अब्जांश ते दशलक्षांश भागात आटपतो. तिथे उष्णता जाणार कुठे?

आता तरंग. तुम्ही नाव धारण केलंय त्याच रस्त्याचं उदाहरण देतो. अनंत चतुर्दशीला मांडवीकडून लहरीपुऱ्याच्या दरवाजातून गणपती सुरसागराकडे निघालेत. पुढचं पथक न्यायमंदिरासमोर अचानक थांबतं. त्याच्या मागचे लोक येऊन चिकटतात, त्यांच्या मागचे त्यांना. माणसं पुढे चाललीत, पण "दाटी कुठून सुरू होते" ती रेघ मात्र उलटी, मांडवीच्या दिशेने सरकते. रेघेच्या एका बाजूला लोक सुटसुटीत, दुसऱ्या बाजूला खांद्याला खांदा. मधली पायरी नाही. धक्का-तरंगाचं तोंड म्हणजे ती रेघ. रेघेचा वेग वेगळा, माणसांचा वेग वेगळा. हे दोन वेग मोजले आणि मूळची घनता माहीत असली की दाब थेट काढता येतो: घनता गुणिले रेघेचा वेग गुणिले कणांचा वेग. रँकिन आणि ह्युगोनिओ यांनी एकोणिसाव्या शतकात हे वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांच्या जमाखर्चातून मांडलं. तुम्ही कॉमर्सवाले, तुम्हाला जमाखर्च कळणारच.

कारेलीबाग

शब्दाबद्दल. पाठ्यपुस्तकात "आघात तरंग" वाचल्याचं आठवतं. "धक्का-तरंग" जरा कानाला खटकतं.

रावपुरेकर

"आघात" चांगला शब्द आहे. पण वर्गात आघात म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे हृदयविकार येतो, धक्का म्हटलं की लगेच कळतं. दोन्ही चालू दे. प्रयोगशाळेत तर सगळे शॉकच म्हणतात.

निवृत्त_पॅनलवाला

रावपुरेकर, "दाब जोडतो, उष्णता तोडते" हे वाक्य वाचून हातातला चहा बाजूला ठेवला. हे मी डोळ्यांनी बघितलंय. फक्त त्याला असं वाक्य असतं हे माहीत नव्हतं.

इथल्याच एका कारखान्यात मी एलडीपीई, म्हणजे पिशव्यांच्या मऊ पॉलिइथिलीन प्लास्टिकच्या प्लांटवर अनेक वर्षं काढली. नाव घेत नाही, जुन्या लोकांना कळेल. आमच्याकडे इथिलीन वायू आधी प्रायमरी कंप्रेसरमध्ये, मग हायपरमध्ये जायचा. हायपर म्हणजे शेवटचा मोठा कंप्रेसर, तिथून बाहेर पडताना दाब दोन हजार वातावरणांच्या घरात. रिअॅक्टरची नळी जाड पोलादाची, भोवती काँक्रीटच्या भिंती. आत किंचितसं पेरॉक्साइड सोडायचं की इथिलीनच्या साखळ्या जुळायच्या आणि दुसऱ्या टोकाला पांढरे स्वच्छ दाणे. म्हणजे दाबाने जोडलं. बरोबर?

पण सगळी नजर कागदावर तापमानाची रेघ काढणाऱ्या पेनवर. तिसऱ्या पाळीत एकदा, पहाटे चारच्या सुमारास, मधल्या एका पॉइंटचं पेन सरळ उभं चढलं. मी पॅनलवर होतो. हात बटणापर्यंत जाईपर्यंत रप्चर डिस्क, म्हणजे दाब अति झाला की मुद्दाम फुटणारी सुरक्षेची चकती, उडाली. आवाज काय होता ते लिहून सांगता येत नाही, छातीत लागतो तो. आम्ही त्याला डिकॉम्प (डिकॉम्पोझिशन, म्हणजे वायूचं विघटन) म्हणायचो. कुणाला इजा झाली नाही. उजाडल्यावर बाहेर गेलो तर प्लांटच्या रस्त्यावर, पायपांवर, पार्किंगमधल्या स्कूटरच्या सीटवर काळी भुकटी. पिठासारखी मऊ, बोटाला लागली की रेघांमध्ये शिरायची, साबणाने जायची नाही. आदल्या पाळीत त्याच वायूचे पांढरे दाणे गोणीत भरले होते आणि आता तोच वायू काजळी होऊन पडला होता. माझ्या शर्टाच्या कॉलरवर तो डाग शेवटपर्यंत राहिला.

रावपुरेकर

काका, मी तीन परिच्छेद लिहूनही जे नीट सांगू शकलो नसतो ते तुम्ही एका स्कूटरच्या सीटवर दाखवलंत. उद्या वर्गात हे तुमच्या शब्दांत सांगणार आहे, परवानगी गृहीत धरतो.

रसायनाच्या बाजूने भर घालतो. इथिलीन तुटून कार्बन आणि मिथेन झालं की मोलमागे सुमारे १२७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे एकदा तुटायला लागलं की तुटण्याची उष्णताच पुढच्या रेणूला तोडते, म्हणून तुमचं पेन उभं चढलं. आणि जोडण्याची गोष्टही दाबातूनच सापडली. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआयच्या फॉसेट आणि गिब्सन यांनी इथिलीन आणि बेंझाल्डिहाइड मोठ्या दाबाखाली ठेवले. त्यांना वेगळंच काही हवं होतं. भांड्यात पांढरा मेणासारखा थर मिळाला, तो पॉलिइथिलीन.

तुमचे दोन हजार वातावरण म्हणजे ०.२ गिगापास्कल. आता बेंझिनकडे वळू, तिथे याच्या साठपट-सत्तरपट आकडे आहेत.

शंकासूर

थांबा. मिलीभर द्रवावर गोळी मारायची, एका मायक्रोसेकंदात सगळं संपतं, भांड्याच्या चिंधड्या होतात. आत काय अभिक्रिया झाली हे कळतं कसं? नंतर उरलेली राख तपासून? ती राख तर दाब उतरल्यावर, सगळं गरम असताना बनलेली असू शकते. मला हे अंदाजपंचे वाटतं.

रावपुरेकर

ही शंका फार महत्त्वाची आहे आणि या क्षेत्रातले लोक स्वतःलाही ती विचारत आलेत. सविस्तर उत्तर देतो, कारण मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

वर म्हटलं तसं, धक्क्याचं गणित दोन वेगांवर चालतं. वेगवेगळ्या जोराचे धक्के देऊन प्रत्येक वेळी तरंगाचा वेग आणि कणांचा वेग मोजायचे आणि आलेखावर मांडायचे. रेणू आहेत तसेच राहिले, फक्त दाटीने बसले, तर बहुतेक द्रवांसाठी ही ठिपक्यांची रांग जवळपास सरळ रेषेत जाते. १९७० साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत आर. डी. डिक यांनी बेंझिन, कार्बन डायसल्फाइड, कार्बन टेट्राक्लोराइड आणि द्रव नायट्रोजन यांच्यावर असे धक्के दिले. बेंझिनची रेषा १३.३ गिगापास्कलपर्यंत सरळ गेली आणि तिथे मोडली. १३.३ गिगापास्कल म्हणजे जवळजवळ एक लाख तीस हजार वातावरण. त्या बिंदूनंतर द्रव अपेक्षेपेक्षा जास्त आकसायला लागला.

नुसतं दाटीने बसून एवढं आकसता येत नाही. जागा अचानक वाचली याचा अर्थ आत नवे बंध झाले. राख तपासावी लागली नाही, भांडं शाबूत राहावं लागलं नाही. तरंग धावत असताना, दाब अजून उतरला नसताना, त्या मोडलेल्या रेषेनेच सांगितलं. शंकासूर, हा अंदाज नाही. वाण्याने पोतं न उघडता नुसतं उचलून आत गहू की तांदूळ सांगावं, तसं आहे हे. अर्थात आत नेमके कोणते रेणू झाले हे एवढ्यावरून कळत नाही, आणि तिथे तुमची शंका लागू पडते.

आकडे हाताने करून बघा, मजा येते. त्या मोडावर तरंगाचा वेग सेकंदाला साधारण ५.९ किलोमीटर आणि कणांचा अडीच. बेंझिनमध्ये आवाजाचा वेग १.३ च्या आसपास असतो, म्हणजे हा धक्का आवाजाच्या साडेचारपट वेगाने चाललाय. अडीच भागिले ५.९ केलं की किती आकसलं ते निघतं: मूळ आकारमानाचं सुमारे ५७ टक्के उरलं. आणि आत किती ऊर्जा भरली? कणांच्या वेगाचा वर्ग भागिले दोन. ग्रॅममागे तीन किलोज्यूलच्या वर, बेंझिनच्या एका मोलमागे जवळपास २५० किलोज्यूल. साध्या एकेरी कार्बन-कार्बन बंधाची ऊर्जा ३५० च्या घरात असते. यातली काही ऊर्जा स्प्रिंग दाबल्यासारखी नुसती आकुंचनात साठते, बाकीची उष्णता होते. म्हणजे जोडायला जागेची टंचाई आणि तोडायला उष्णता, दोन्ही एकाच वेळी हजर.

हळूहळू, खोलीच्या तापमानाला दाबलं तर हेच बेंझिन ४१ गिगापास्कलपर्यंत तग धरतं आणि मग त्याचं आकारहीन घन होतं. धक्क्यात मात्र १३ लाच मान टाकतं. मधला फरक उष्णतेचा. दाबाने शेजारी उंबऱ्यावर आणून ठेवलेला असतो, उष्णता आत ढकलते.

शंकासूर

मोडलेली रेषा पटली. पण "नेमके कोणते रेणू" हे तुम्हीच उघडं ठेवलंत. राख तपासून काहीच कळत नाही का?

रावपुरेकर

कळतं, जपून वाचावं लागतं. जपानमध्ये बंद धातूच्या कुपीत बेंझिनला धक्का देऊन कुपी सावकाश उघडली गेली, तेव्हा बायफिनाइल, नॅफ्थलिन आणि त्याहून मोठी जोडकडी मिळाली. कडी शेजाऱ्यांना जोडली गेल्याच्या या खुणा. पण तुम्ही म्हणता तसं, यातलं काही दाब उतरताना बनलेलं असू शकतं. म्हणून हल्ली धक्का चालू असतानाच क्ष-किरणांचा अतिशय छोटा झोत सोडून आतली रचना टिपतात.

एक अनुभवाचा नियम: ज्याच्याकडे जास्तीचे बंध, तो आधी जोडला जातो. अॅसिटिलीनमध्ये तिहेरी बंध, ते खोलीच्या तापमानालाही तीन-चार गिगापास्कलला साखळी बांधायला लागतं. बेंझिन मधलं. मिथेनकडे सोडायला जास्तीचं काहीच नाही, तो फार उशिरा वाकतो.

जुनी_बडोदेकर

माझ्या नातवाला हे वाचून दाखवतेय. तो विचारतोय, नेपच्यूनवर हिऱ्यांचा पाऊस पडतो म्हणतात ते याच्याशी संबंधित आहे का?

रावपुरेकर

आजी, अगदी थेट संबंधित आहे, त्याला शाबासकी द्या. युरेनस आणि नेपच्यूनच्या पोटात पाणी, अमोनिया आणि मिथेन प्रचंड दाबाखाली आहेत. १९८१ साली मार्विन रॉस यांनी मांडलं की तिथे मिथेनमधला कार्बन वेगळा होऊन हिरा बनत असेल. प्रयोग बरेच उशिरा जमले. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत पॉलिस्टायरिनच्या पातळ पापुद्र्यावर लेझरने एकामागून एक असे दोन धक्के दिले, साधारण १५० गिगापास्कल आणि पाच हजार केल्विन, आणि क्ष-किरणांत हिऱ्याची खूण उमटली. पॉलिस्टायरिन का, तर त्यात फक्त कार्बन आणि हायड्रोजन, आणि पापुद्रा धरायला सोपा. २०२२ साली हेच पेटवर करून बघितलं, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. त्यात ऑक्सिजनही असतो, आणि तोही असताना हिरे झाले. नातवाला सांगा, आकार मात्र नॅनोमीटरचा, डोळ्यांना दिसणार नाहीत.

लोणारची_लेक

माहेर बुलढाणा, सासर बडोदा, म्हणून लिहायलाच हवं. लहानपणी आम्ही लोणारच्या काठावरून खाली सरोवरापर्यंत उतरायचो. वडील तिथला एक काचेसारखा खडा हातात देऊन म्हणायचे, हा दगड वितळून नव्हे, मार खाऊन असा झालाय. मोठेपणी कळलं की बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची धक्क्याने अशी काच होते आणि तिला मास्केलिनाइट म्हणतात. ते नावही आपल्याच देशातल्या उल्केवरून रूढ झालं. बिहारमध्ये शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ ला पडलेल्या उल्केत ते सापडलं, आणि त्या जातीच्या उल्का मंगळावरून आल्या आहेत.

माझा प्रश्न वेगळा आहे. एवढ्या माराने दगडाची काच होते, तर उल्केतून किंवा धूमकेतूतून पृथ्वीवर सेंद्रिय रेणू "आले" असं म्हणतात ते टिकले कसे? अमिनो आम्लं तर नाजूक.

रावपुरेकर

ताई, वडिलांनी दिलेलं वाक्य सोन्यासारखं आहे.

टिकण्याचं उत्तर पुन्हा दाब आणि उष्णता या त्याच दोघांत आहे. अमिनो आम्ल नुसतं तापवलं तर कार्बन डायऑक्साइड सोडून तुटतं. तुटायला जागा लागते, आणि धक्क्याच्या काळात जागा नसते. २००१ साली जेनिफर ब्लँक आणि सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांच्या पाण्यातल्या द्रावणाला ५ ते २१ गिगापास्कलचे धक्के दिले. बराचसा भाग टिकला, आणि दोन-दोन आम्लं जोडून पेप्टाइडही झाले. मुख्य म्हणजे काळ फार थोडा होता. उष्णतेला आपलं काम पुरं करण्याआधीच दाब उतरून सगळं थंड झालं.

पुढे २०१३ मध्ये धूमकेतूसारख्या बर्फावर, म्हणजे अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणावर, सेकंदाला सात किलोमीटरच्या वेगाने पोलादी गोळी मारली. तिथे अमिनो आम्ल आधी नव्हतंच, नंतर सापडलं.

आपल्या शेजारी अहमदाबादला पीआरएलमध्येही (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) अमिनो आम्लांवर शॉक ट्यूबमधून, म्हणजे वायू भरलेल्या लांब नळीतून, धक्का-तरंग सोडतात. २०२० च्या त्यांच्या कामात त्यातून दोऱ्यांसारख्या, गुंत्यासारख्या रचना दिसल्या. पण ती वायूतली ट्यूब आहे, तिथे तापमान फार आणि दाब त्या मानाने किरकोळ. बेंझिनच्या प्रयोगाशी थेट तुलना करू नये.

मांडवी_ते_न्यायमंदिर

कॉमर्सवाल्याला इतकं कळलं की जोडणं आणि तोडणं यात वेळ कुणाला किती मिळतो यावर सगळा हिशेब आहे. बरोबर आहे का?

रावपुरेकर

शंभर टक्के. मी ते इतकं नीट म्हटलं नव्हतं.

निवृत्त_पॅनलवाला

मग माझा एक शेवटचा प्रश्न. रात्री झोप लागली नाही म्हणून विचारतो. आमच्या डिकॉम्पमध्ये कार्बन मोकळा झाला, काजळी झाली. स्लॅकवाल्यांच्या प्लास्टिकमध्ये कार्बन मोकळा झाला, हिरा झाला. दोन्हीकडे हायड्रोजनपासून सुटलेला कार्बनच. मग एकीकडे स्कूटरच्या सीटवरची भुकटी आणि दुसरीकडे हिरा, हे कसं?

रावपुरेकर

काका, जागा. ग्रॅफाइटची घनता २.२६, हिऱ्याची ३.५१. काजळी तर ग्रॅफाइटहूनही सैल. तुमच्याकडे ०.२ गिगापास्कल होता, आणि डिस्क उडाल्यावर तोही गेला, म्हणून सुटलेल्या कार्बनला पसरून बसायला मोकळं रान मिळालं. तिथे दीडशे गिगापास्कल होता, कार्बनला सगळ्यात घट्ट बसायची जी रीत माहीत आहे तीच घ्यावी लागली.

मधलंही उदाहरण आहे. टीएनटीसारखी कमी ऑक्सिजनची स्फोटकं बंद टाकीत उडवली की उरलेल्या काजळीत चार-पाच नॅनोमीटरचे हिरे सापडतात. सोव्हिएत शास्त्रज्ञांना ते १९६३ मध्येच मिळाले होते. दाब उतरायला लागला की हिरा वाढायचा थांबतो आणि बाकीचा कार्बन काजळी होतो. एकाच चिमटीत दोन्ही.

निवृत्त_पॅनलवाला

तो शर्ट अजून माळ्यावर ट्रंकेत आहे. रविवारी काढतो आणि कॉलेजला घेऊन येतो, त्या मुलीला डाग बघू दे.